मांजरपाटावरचे टाके

हुल्दा श्राग माणसाची पारख अंगठ्याने करायची. चर्चच्या तळघरात गोधडीची चौकट मांडलेली असली, की ही बाई आधी चौकटीभोवती एक फेरी मारणार, प्रत्येकीच्या टाक्यांवरून अंगठा फिरवणार आणि एक अक्षर न बोलता पुढे जाणार. तिचं ते न बोलणंच जास्त झोंबायचं. तिचे स्वतःचे टाके इंचाला बारा असायचे. एका इंचात बारा, पट्टी लावून मोजा, आणि हे एक-दोन नाही, चाळीस वर्षं. आमच्या गावात एखादी पोरगी जरा नीटनेटकी निघाली की लोक म्हणायचे, हुल्दाच्या हाताखालून गेलेली दिसते.

आता ती एकोणऐंशीची होती. जानेवारी लागला की दर मंगळवारी दुपारी एक ते चार चौघीजणी तळघरात जमायच्या. एक हुल्दा. दोघी क्रेबिल बहिणी, विल्मा आणि व्हेल्मा, एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची आणि ते दोघींनाही आवडायचं नाही. चौथी लोरीन स्टकी, टेक्सासहून लग्न होऊन आलेली, आणि म्हणून अकरा वर्षं झाली तरी गावाच्या हिशेबी नवीच. चौघींनी मिळून वर्षाला एक गोधडी करायची, ती एप्रिलच्या लिलावात जायची आणि आलेला पैसा दूरदेशी जिथे दुष्काळ पडला असेल तिथे जायचा.

त्या वर्षी हुल्दाने फर्मान काढलं, की यंदा रंग नको. लाल नाही, निळा नाही, फुलं तर नाहीतच. कोरा मांजरपाट, जुन्या पिठाच्या पोत्यांचं धुऊन मऊ झालेलं कापड, तिच्या सासूचं पिवळट पडलेलं टेबलावरचं कापड, आणि त्यांच्या जोडीला गव्हाळ, राखी, बिस्किटी. एवढंच. तुकडे जोडून वर नुसत्या टाक्यांनी पिसांच्या आकाराची कडी उमटवायची.

क्रेबिल बहिणींची तोंडं पडली. विल्मा म्हणाली, हे तर ओटच्या लापशीसारखं दिसेल. व्हेल्मा म्हणाली, तीही गार झालेली. लोरीनने हळूच सुचवलं, की अधूनमधून एखादं बारीक निळं फूल घातलं तर उठाव येईल.

"फुलं कशाला हवीत ते मला चांगलं ठाऊक आहे," हुल्दा म्हणाली. "फुलाफुलांत आंधळीने शिवलं तरी खपून जातं. मांजरपाटावर टाका लपत नाही. होऊ दे एकदा, कुणाचा हात कसा आहे ते गावाला दिसू दे."

तिघीजणी आपापल्या मांडीवरच्या कापडाकडे बघत बसल्या. हुल्दाला वाटलं, घाबरल्या. आपल्या टाक्यांची लाज वाटते बायांना. तिला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

तर झालं, फिकी गोधडी सुरू झाली. पहिले दोन मंगळवार ती खरंच लापशीसारखी दिसत होती. पण टाके भरत गेले तशा तिच्यावर सावल्या पडू लागल्या. खिडकीतून तिरपं ऊन आलं, की पिसाची एकेक पाकळी फुगून वर यायची, मधली घडी राखी व्हायची, आणि जिथे काहीच रंग नव्हता तिथे सात-आठ रंग दिसायचे. विल्माने कबूल केलं, की आता ती लापशीसारखी दिसत नाही. व्हेल्माने कबूल केलं नाही, पण ती मंगळवारी दहा मिनिटं आधी येऊ लागली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. हुल्दाचं घर चर्चच्या समोरच. तळघराची किल्ली एकेचाळीस वर्षं तिच्याकडे होती. चार वाजता बाया गेल्या, की कुलूप लावायच्या निमित्ताने ती मागे राहायची, दार आतून लावून घ्यायची, आणि ज्यांचे टाके इंचाला आठाच्या खाली असतील त्यांचे चोचीसारख्या टोकाच्या बारीक कात्रीने उसवून पुन्हा घालायची. कापडावर सुईची भोकं राहतात. त्यावर ओल्या बोटाचा एक थेंब द्यायचा आणि नखाने आडवं-उभं घासायचं, धागे सरकून भोक बुजतं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, बिचारा वर्षानुवर्षं समजत होता, की तळघर झाडायला फार वेळ लागतो. तिच्या मते ही लबाडी नव्हती. लिलाव उपाशी लोकांसाठी होता आणि उपाशी माणसासाठी वाकडं कशाला शिवायचं.

दोन वर्षांपूर्वी पायऱ्यांवर बर्फ फार असतो म्हणून लोरीनने किल्ली मागून घेतली. त्याच सुमाराला शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, की आतला पडदा झिजलाय, चष्म्याने भागणार नाही. हुल्दाने घरी येऊन सांगितलं, की डॉक्टर अगदीच पोरसवदा होता. इतरांच्या टाक्यांवरून अंगठा फिरवणं चालूच राहिलं. स्वतःच्या टाक्यांवरून मात्र दोन वर्षांत तिने तो फिरवला नव्हता. का, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या मंगळवारी ती खसखशीच्या रोलची थाळी तळघरात विसरली. तासाभराने आणायला गेली. साडेपाच वाजता वर गाण्याची तालीम होती म्हणून दार उघडंच होतं, खाली कुणी नव्हतं. थाळी घेतली आणि जाता जाता सवयीने तिचा हात चौकटीवर टेकला, तो नेमका आपल्या खुर्चीसमोर.

कापड ओलं होतं.

कुणी कॉफी सांडली की काय म्हणून तिने वाकून वास घेतला. कॉफी नव्हती, नुसतं पाणी. बाकी सगळी गोधडी कोरडी आणि तिच्यासमोरची वीतभर जागा ओली. ती खाली बसली. मग तिने दोन वर्षांत न केलेलं काम केलं, आपल्या ओळीवरून अंगठा फिरवला. इंचाला बारा. सरळ, सारखे, बारीक. आणि दुपारी शिवताना सुई तीनदा डाव्या बोटात घुसली होती, दोरा दोनदा गुंतला होता, हे तिला चांगलं आठवत होतं. कोपऱ्यात अजून कुणाचा हात न लागलेली चार बोटं जागा राहिली होती. तिथले टाके अंगठ्याला लागले ते कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखे. एक इथे, एक तिथे, मधे एक लंगडा.

तिला सगळं कळलं. जानेवारीत तिघी मांडीकडे का बघत होत्या, निळं फूल कशासाठी होतं, बर्फाचं निमित्त करून किल्ली का गेली, सगळं. बायांना स्वतःची लाज वाटत नव्हती, त्यांना हिची अब्रू झाकायची होती. आणि हिने फुलं काढून टाकून आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. हुल्दा थाळी मांडीवर घेऊन रडली. मोठ्याने नाही, पण रडली. वर तालीम सुरू झाली तेव्हा उठली.

पुढच्या मंगळवारी गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्याही. क्रेबिल बहिणींनी सूप पाठवलं, तिने ते फ्रीझरमध्ये टाकलं. मुलीला फोनवर सांगून टाकलं, की गोधडीबिधडी आता पुरे, एका वयानंतर माणसाने दुसऱ्यांच्या कामात लुडबुड करू नये. मुलीने विचारलं, आई, तुला ताप आहे का.

गुरुवारी लोरीन आली. स्वयंपाकघरात बसली, कॉफी घेतली आणि गुडघ्यांची चौकशी केली.

"गुडघे ठणठणीत आहेत," हुल्दा म्हणाली. "पाणी जास्त वापरलंस. वीतभर कापड भिजवलंस. एक थेंब पुरतो."

लोरीनचा कप हातातच राहिला. मग तिने तो खाली ठेवला. नाकारायचा प्रयत्नही केला नाही, हे तिचं चांगलं.

"मग तुम्ही किती वापरायचात, काकू?" तिने विचारलं. "माझ्या टाक्यांवर?"

हुल्दाने टेबलावरचे कण तळहाताने गोळा केले.

"पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला," लोरीन म्हणाली. "मी इंचाला चार घालून गेले आणि पुढच्या आठवड्यात बघते तर बारा. माझे टाके काय रात्रीतून बाळंत झाले? तुमचे ते बारा बघूनच पुढे माझा हात बसला. विल्मा-व्हेल्माला तर तीस वर्षं ठाऊक आहे. तुम्हाला बरं वाटतंय तर वाटू दे म्हणून गप्प बसतात."

"तीस वर्षं," हुल्दा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आणि तू? तुला राग नाही आला?"

"आला ना. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, ती म्हातारी माझं सगळं उसवते, मी परत पाऊल टाकणार नाही तिथे." लोरीनने कपाचा कान फिरवला. "पण काकू, गावात मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. नवरा शेतावर, सासू आठवड्यातून चार शब्द बोलायची. मंगळवारी एक ते चार माझ्याशी माणसं बोलायची. तुम्ही मला खसखशीचे रोल वळायला शिकवलंत, तुमची ती गाय विहिरीत पडल्याची गोष्ट सांगितलीत, तीन वेळा सांगितलीत. माझे टाके राहिले काय आणि गेले काय. मला यायचं होतं."

हुल्दा उठून सिंककडे गेली आणि धुतलेलाच कप पुन्हा धुतला. तिकडे तोंड करूनच ती म्हणाली, की गाय विहिरीत नव्हती पडली, पाण्याच्या हौदात पडली होती, नीट ऐकलं असतं तर तीनदा सांगावी लागली नसती. लोरीन म्हणाली, मग मंगळवारी चौथ्यांदा सांगा. आणि गेली.

हुल्दाला ते चार दिवस जड गेले. एकीकडे वाटे, काय तोंड घेऊन जायचं? ज्या बायांचं मी तीस वर्षं उसवलं, त्या आता माझं उसवणार, आणि मी समोर बसून काही ठाऊक नसल्यासारखं शिवत राहायचं? तेवढं नाटक तिच्याने झालं नसतं. दुसरीकडे मंगळवारशिवायचा आठवडा तिने दोनदा भोगून बघितला होता. रविवारपर्यंत ओट्यावरच्या फडक्यांनासुद्धा इस्त्री करून झाली होती.

मंगळवारी एकच्या ठोक्याला ती तळघराच्या पायऱ्या उतरली. क्रेबिल बहिणींनी एकदम हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. हुल्दाने फेरी मारली नाही. सरळ आपल्या खुर्चीवर बसली, पिशवीतून ती चोचीची बारीक कात्री काढली आणि लोरीनसमोर धरली.

"खुर्ची इकडे घे," ती म्हणाली. "माझ्या शेजारी. उसवायचं तर माझ्यासमोर उसव. तुम्हा तिघींना ते येत नाही, दोरा ओढता तुम्ही. ओढायचा नसतो, दर तिसरा टाका कापायचा आणि दोरा मागून ढकलायचा. इकडे बघा, दोघीही. एकेचाळीस वर्षं केलंय मी हे."

मग विल्माला हसू फुटलं, ते व्हेल्माने पुरं केलं, आणि बघता बघता चौघीही अशा हसायला लागल्या, की गोधडीवर सुया सांडल्या आणि अर्धा वेळ त्या शोधण्यात गेला. व्हेल्माने तेवढ्यात विचारून घेतलं, की ब्याऐंशी सालची ताऱ्यांच्या नक्षीची गोधडी, तिच्यात तिचा स्वतःचा असा एकतरी टाका शिल्लक होता का. हुल्दाने प्रामाणिकपणे आठवून बघितलं आणि सांगितलं, एका कोपऱ्यात होते काही, त्या दिवशी मला पडसं होतं.

दोन वाजता काम सुरू झालं. हुल्दाने एका पिसाची ओळ घेतली, सुई कापडात घातली, डाव्या बोटाला टोचून घेतली, आणि कोंबडीची पावलं पुन्हा मांजरपाटावर उमटू लागली. बोटभर अंतर सोडून तिच्या मागे लोरीन होती, तिसरा टाका कापत, मागून ढकलत, एक थेंब पाणी देऊन नखाने घासत आणि नवे घालत. एक शिवत होती, दुसरी उसवत होती, आणि पाण्याच्या हौदातली गाय अजून बाहेर निघायची होती.