फकस्त बगितलं

इंदापूरच्या एसटी स्टँडासमोर एकाचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. सातबारा काढायला मी तिथंच जायचो. माणूस गोड. दर वाक्याआधी "बगा तात्या" म्हणायचा आणि स्क्रीन आपल्याकडं वळवायचा. एका सरकारी बाबूनं आपला पासवर्ड त्याला देऊन टाकला होता. त्यामुळं बाहेरच्याला दिसू नये ते सारं त्याला दिसायचं, आणि तो ते कुणालाही हौसेनं दाखवायचा.

एकदा मी बसलेलो असताना बारामतीकडचा एक तरुण आला. बायको घर सोडून गेली होती, तिचा पत्ता हवा होता.

"देऊ नगंस," मी दुकानदाराला म्हणालो. "ती का गेली, आपल्याला काय ठावं?"

"नवराच हाय की तिचा!" तो हसला आणि स्क्रीन वळवली. तिनं रेशनची नोंद वालचंदनगरला, मावशीच्या घरी हलवली होती.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं तिथं जाऊन तिचा हात मोडला. पोलीस आले तेव्हा बाबू म्हणाला, पासवर्ड चोरीला गेला. बाबू आजही त्याच खुर्चीत आहे. आत गेला तो हा दुकानदार.

जामिनावर सुटल्यावर तो मला रस्त्यात भेटला.

"बगा तात्या, मी फकस्त बगितलं. माझी काय चूक? बाबू सुटला अन् मी अडकलो. दुकान गेलं, अब्रू गेली."

किती तरी वेळ तो हेच घोळवत होता. माझं डोकं तापलं.

"हात कसा हाय आता?" मी विचारलं.

"कुणाचा?" तो म्हणाला.