फाइल कोणी उघडी ठेवली

माझा संगणकाचा अभ्यासक्रम सात दिवसांचा होता आणि त्यातले दोन दिवस वीज नव्हती. तरीही पुण्यात, कसब्यातल्या आमच्या शाळेत मी संगणकातली तज्ज्ञ समजली जात होते. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. मी शिकवायचे विज्ञान, पण कुणाची फाइल उघडेनाशी झाली की हाक मला. माझे उपाय ठरलेले होते. आधी फाइलवर सात-आठ वेळा टकटक करायची. मग मागची वायर उपसून, पदराने पुसून परत खोचायची. तेवढ्याने भागलं नाही तर यंत्र बंद करून चहा प्यायचा. दहातल्या सहा वेळा याने काम व्हायचं आणि मी ते श्रेय चहाला न देता स्वतःकडे घ्यायचे.

शाळेत संगणक दोनच. एक खाली कार्यालयात, दुसरा वर ग्रंथालयात. दोन्ही वायरने जोडलेले, त्यामुळे एकच फाइल दोन्हीकडून उघडता यायची. वरच्याला धूळ लागू नये म्हणून मी घरच्या खिडकीच्या जुन्या पडद्याचा अभ्रा शिवला होता, झालरीसकट.

त्या वरच्या संगणकावर चित्रकलेचे सर शिकत होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, पण मुलांच्या श्रेणींची यादी यंदा आपल्या हातांनी संगणकावर करायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी परवानगी दिली ती अटीवर. "परीक्षेच्या कामात घोळ झाला, सर, तर त्याच दिवशी बंद." सर "बरं" म्हणाले आणि रोज मधल्या सुट्टीत डबा अर्धवट झाकून वर जाऊ लागले. रकाना कसा रुंद करायचा, हे मी त्यांना तीनदा दाखवलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सर, तुम्ही त्यावर चित्र काढायला लागलात की काय?" शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. सरही हसले.

त्या दिवशी दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण दुपारी दोनच्या आत पोचवायचे होते. सकाळी शाळा भरण्याआधी मी ग्रंथालयात बसून शेवटच्या तुकडीचे गुण भरले, घंटा झाली तशी संगणक बंद केला, अभ्रा घातला आणि वर्गावर गेले. अकरा वाजता कार्यालयात येऊन छापायला म्हणून फाइल उघडली, तर पडद्यावर पाटी. फाइल दुसऱ्या कोणाच्या तरी वापरात आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. खाली वापरणाऱ्याचं नाव. चित्रकलेच्या सरांचं.

मी टकटक केली. वायर पुसली. चहा प्याले. परत तेच नाव. मग तरातरा जिना चढून ग्रंथालयात गेले. तिथे खुर्ची रिकामी, अभ्रा जागच्या जागी. अभ्रा उचलून पाहिलं तर पडदा काळा. आता यंत्र बंद आहे आणि फाइल तरी सरांच्या ताब्यात, याचा अर्थ एकच. सरांनी पहिल्या रिकाम्या तासाला येऊन फाइलचं काहीतरी कायमचं बिघडवून ठेवलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा हा तर्क. मी तो तसाच मोठ्या बाईंच्या कानावर घातला. त्यांनी सरांना बोलावून माझ्यादेखत सांगितलं, "आजपासून संगणकाला हात लावायचा नाही."

सर म्हणाले, "बरं."

एवढ्यावर मी गप्प बसले असते, तर पुण्याची कसली? मी सूचना लिहायला घेतली. आमच्याकडे कोणतीही सूचना फळ्यावर लागायची ती चित्रकलेच्या सरांच्या अक्षरात. वर्षानुवर्षांचा रिवाज. माझा मजकूर असा होता: 'फाइल उघडता येणे ही प्रगती आहे. ती बंद करता येणे ही सभ्यता. ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांच्यासाठी खडू आणि फळा अद्याप उपलब्ध आहेत.' तो कागद मी त्यांच्याच हातात दिला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "खाली नाव कोणाचं घालू?"

"नको. ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

त्यांनी लिहिलं. शिरोरेघ अशी सरळ की पट्टी लाजावी. 'सभ्यता' हा शब्द त्यांनी रंगीत खडूने काढला.

साडेबाराला मी पुन्हा ग्रंथालयात, हताश. तिथे झाडणाऱ्या मावशी होत्या. त्या रोज खराडीहून बस बदलत यायच्या. तेव्हाची खराडी, म्हणजे अजून शेतं होती. त्या म्हणाल्या, "बाई, ह्यो खालचा डबा बंद न्हाई करायचा व्हय? सकाळधरनं घुरतोय. म्या वली फडकी घातली त्याच्यावर, लगी वाळत्यात."

मी टेबलाखाली वाकले. डबा गरम होता. हिरवा दिवा लुकलुकत होता आणि त्यावर तीन फडकी वाळत होती. सकाळी मी बंद केलं होतं ते पडद्याचं बटण. संगणक चालूच होता आणि गुणांची फाइल त्यात माझ्याच हाताने उघडलेली होती. नाव सरांचं का, तेही पुढे कळलं. संगणक आला तेव्हा सुट्टी होती आणि शाळेत फक्त सर होते. जोडणाऱ्याने नाव विचारलं, त्यांनी आपलं सांगितलं. तेव्हापासून तिथे जो बसेल तो सरच.

फाइल बंद केली, छापली, गुण वेळेत पोचले. फळा मी स्वतः पुसला, कोणी बघत नाही असं पाहून. मोठ्या बाईंना म्हणाले, "सापडलं. वरचं यंत्र चालू राहिलं होतं." सरांनाही जिन्यात तेच म्हणाले. चालू राहिलं होतं. जणू त्याचं त्यानेच ठरवलं. सर म्हणाले, "बरं झालं." मोठ्या बाईंनी त्यांना परत परवानगी दिली आणि माझ्या लेखी विषय मिटला.

सर मात्र वर यायचे थांबले. मधल्या सुट्टीत डबा पूर्ण खायचे. मी म्हटलं, कंटाळले असतील.

आठवड्याने त्यांनी श्रेणींची यादी माझ्याकडे पाठवली, तुम्हीच भरा म्हणून. मी संगणकापुढे बसून ती उलगडली. मोठा कागद, पेन्सिलीने आखलेला. वरच्या ओळीत रकान्यांची अक्षरं, ए, बी, सी, डी. डाव्या कडेला एक, दोन, तीन. नावांचा रकाना रुंद, श्रेणीचा अरुंद, अगदी पडद्यावर दिसतो तसा. खालच्या कोपऱ्यात पानाचं नावसुद्धा चौकटीत. त्यांना सगळं येत होतं. मला फार लाज वाटली.

कागद घेऊन मी चित्रकलेच्या वर्गात गेले. सर ब्रश धूत होते.

"सर, त्या दिवशी यंत्र चालू राहिलं नव्हतं. मी ठेवलं होतं. फाइल मीच उघडी टाकली होती."

त्यांनी नळ बंद केला. "आदल्या दिवशी शेवटचा मी बसलो होतो तिथे," ते म्हणाले. "मला वाटलं, मीच विसरलो. आठ दिवस आठवतोय, बटण दाबलं होतं की नाही."

जन्मभर टोमणे पुरवले, पण त्या वेळी जिभेवर साधं 'चुकले' एवढंच आलं आणि तेही दोनदा म्हणावं लागलं, पहिलं सरांना ऐकू गेलं नाही.

सरांनी हात पुसले, कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि ते वर ग्रंथालयाच्या जिन्याकडे निघाले. मी नळापाशीच थांबले. माझे डोळे भरले होते, आणि ते सरांना दिसू द्यायची हिंमत मला नव्हती.