धन्याची चटणी

नव्वदच्या आसपास आमचं सेक्शन बर्फातल्या एका पोस्टवर होती. मी हवालदार, गाव नशिराबाद. नाईक सुखदेव धुळ्याकडचा. दोघेच खान्देशी, त्यामुळे आमचं भांडणही घरच्यासारखं चालायचं.

त्या उंचीवर भूक मरते. टिनचं मटण समोर आलं की पोरं तोंड फिरवायची. सुखदेवने तर खाणंच सोडलं. म्हणायचा, ‘‘आई मटणासंगे हिरवी चटणी देस. कोथमीर, लसणाची पात, मिरची, पाट्यावर जाडसर वाटेल. ती ऱ्हायनी तर खासू.’’ आईने धाडलेले धने त्याने रिकाम्या डब्यात माती घालून पेरले, डबा बुखारीच्या शेगडीजवळ ठेवला. ‘‘कोथमीर उगू द्या भाऊ, मंग जेवसू.’’

आठवडा गेला. काही उगवेना. सुखदेवचा खोकला मात्र वाढला. मी त्याच्या पुडीत उरलेल्यातला एक धना दाताखाली धरला. कुरकुरीत. भाजलेला.

‘‘अरे येड्या, हे भाजलेले आहेत.’’

‘‘माले माहीत शे. आई मसाल्याकरता भाजीसनच धाडस.’’

‘‘मग पेरलेस कशाला?’’

‘‘तुम्ही रोज खा खा करतस. आठ दिन तरी गप ऱ्हायनात.’’

माझं डोकं फिरलं. शिव्या घातल्या आणि उरलेले धने स्टीलच्या मगमध्ये ओतले. माझ्याकडचा वाळलेला पुदिना, गोठलेला लसूण, दोन लाल मिरच्या टाकल्या आणि तंबूच्या खुंटीने कुटलं. लिंबाच्या लोणच्याचा खार घालून ओलं केलं. टिनचं मटण तव्यावर परतलं, वर चटणी घातली.

‘‘ऑर्डर आहे. खा.’’

त्याने दोन घास खाल्ले. ‘‘लसूण जास्ती व्हयना,’’ म्हणाला आणि ताटली सरकवली.

त्याच दुपारी त्याच्या छातीत घरघर सुरू झाली, उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं तशी. ऑपरेटरने वायरलेस सेट लावला.

‘‘एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर.’’

‘‘हवामान खराब. थांबा. ओव्हर.’’

दर तासाला तेच उत्तर. खाली उतरायची वाट बर्फाने बंद. आम्ही त्याला पाठीला टेकू देऊन बसवलं, ऑक्सिजनचा एकच सिलिंडर होता, तो संपला. दुसऱ्या दिवशी उजाडताना सुखदेव गेला. हेलिकॉप्टर आलं ते त्याला न्यायलाच.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. आईने मला बसवलं आणि मटण रांधलं. पाहुणा आला की त्यांच्याकडे हीच रीत. शेजारी हिरवी चटणी, पाट्यावरून काढलेली, जाडसर.

‘‘त्यानी खादं व्हतं का काही?’’

‘‘खाल्लं, अक्का. दोन घास.’’

‘‘दोनच?’’

तिने माझ्या ताटात आणखी चटणी वाढली. ‘‘खाय भाऊ.’’

पोट कधीच भरलं होतं. तरी ती वाढत राहिली, मी खात राहिलो, आणि ती समोर बसून प्रत्येक घास बघत होती.