दानाच्या पिशवीतली गोळी

मी एका बाईला तिची बीपीची गोळी बंद करायला सांगितली. तेव्हा मी डॉक्टर नव्हतो, आताही नाही. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती, आणि विज्ञानाच्या पेपरात रक्ताभिसरणाचा प्रश्न कोरा सोडून आलो होतो.

बुलढाण्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण पोरं दर मे महिन्यात दहा दिवसांसाठी एखाद्या खेड्यात सेवेला जात. सकाळी गावातल्या लहान मुलांची बायबल शाळा घ्यायची, म्हणजे हातवारे करत गाणी, गोष्टी आणि रंगीत कागदांचं कातरकाम. संध्याकाळी दोघादोघांनी ख्रिस्ती घरांत जाऊन प्रार्थना करायची. त्या वर्षी डोणगावपासून आतल्या बाजूला एक गाव मिळालं होतं. पंधराएक घरांची मंडळी, पत्र्याचं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), आणि त्या देवळातच आमची झोपायची सोय. आम्ही नऊ जण होतो. आमची पुढारी ताई नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. माझा जोडीदार ढोलकी वाजवायचा. मी काहीच वाजवत नसे, म्हणून मला बोलायला लावायचे. सगळा घोटाळा तिथेच झाला.

आमचा स्वयंपाक मंडळीतल्या एक मावशी करायच्या. पन्नाशीच्या, आडव्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. मुलगा मेहकरला गॅरेजात कामाला, घरी त्या एकट्याच. रात्री आम्हा सगळ्यांचं जेवण झालं की त्या शेवटी बसत. भाकरी खाऊन झाल्यावर लाल दोऱ्याने बांधलेली प्लास्टिकची एक पुडी कंबरेतून काढत, दोरा सोडत, एक गोळी गिळत आणि पुन्हा तशीच गाठ मारत. मी ते रोज बघत असे, कारण उरलेला गूळ मागायला मी तिथेच घुटमळत असे.

सोमवारी संध्याकाळी त्यांच्याच घरी प्रार्थनेला जायची पाळी माझी आणि ढोलकीवाल्याची आली. नेहमी अशा वेळी आम्ही चार ओळी म्हणून, आमेन करून, चहा पिऊन निघायचो. पण त्या आठवड्यात मी मोबाईलवर एका प्रचारकाचे व्हिडिओ बघितले होते. तो लोकांच्या कपाळाला हात लावायचा आणि लोक धाडकन मागे पडायचे. मावशी म्हणाल्या, "बीपीसाठी प्रार्थना कर रे बापा. तीन वर्षं झाली, गोळी काई सुटत नाई."

मी उठलो. त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मग मी जो आवाज काढला तो माझा नव्हता, व्हिडिओतला होता. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. माणसं जमली की माझं डोकं काम करत नाही, आजही करत नाही. मी शेवटी म्हणालो, "मावशी, तुम्ही बऱ्या झाल्या. आता गोळीला हात लावायचा नाही. लावला, तर तो अविश्वास होईल."

मावशी काही मागे पडल्या नाहीत. पण त्या रडल्या. बाहेर आल्यावर ढोलकीवाला म्हणाला, "भारी बे!" मलाही ते भारीच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वरणात सगळ्यांपेक्षा जास्त तूप पडायला लागलं. चार दिवस मी ते तूप खाल्लं. शिवाय रविवारी परत गेल्यावर देवळात उभं राहून जी साक्ष द्यायची असते, ती मी वहीत लिहूनही ठेवली. 'एका आजारी स्त्रीला' अशी तिची सुरुवात होती. त्या चार दिवसांत ती लाल दोऱ्याची पुडी कंबरेतून निघत नाही, हे मला एकदाही दिसलं नाही. माझं लक्ष तुपाकडे होतं.

शनिवारी सकाळी समारोप झाला. मुलांनी गाणी म्हटली, आयांनी फोटो काढले. मग दानाची मखमली पिशवी फिरली. उपासना संपल्यावर गावच्या पाळकसाहेबांनी ती टेबलावर उलटी केली आणि चिल्लर, नोटा यांच्यासोबत लाल दोरा बांधलेली प्लास्टिकची पुडी बाहेर पडली. आत गोळ्यांचं पाकीट होतं.

"हे कोण्या पोट्ट्याचं काम आहे?" पाळकसाहेब हसत म्हणाले आणि त्यांनी ती पुडी बाजूला सारली.

सगळे हसले. मीही हसलो. हे कोण्या पोट्ट्याचं काम आहे, ते मला ठाऊक होतं. गोळी सुटली म्हणून मावशींनी उरलेल्या गोळ्या उपकारस्तुतीचं दान म्हणून देवाला वाहिल्या होत्या. कोणी कोंबडी वाहतं, कोणी पायलीभर ज्वारी वाहतं, त्यांनी हे वाहिलं होतं. सतरंजी उचलायचं निमित्त करून मी ती पुडी खिशात टाकली.

तीन वाजता जीप येणार होती. जेवण लवकर उरकलं. मावशींनी पहाटेच पुऱ्या, आलूची भाजी आणि शिरा करून ठेवला होता, पण वाढायला त्या नव्हत्या. पाळकबाई म्हणाल्या, "तिचं डोकं दुखून राह्यलं म्हणे. घरी जाऊन पडली."

माझ्या हातातली पुरी हातातच राहिली.

जेवणानंतर सगळे पिशव्या भरायला लागले. कोणाच्या टॉवेलची अदलाबदल, कोणाची चप्पल हरवलेली, कोणी भिंतीवरचे कागदी तारे सोडवत होतं. मी ताईजवळ गेलो आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "ताई, समजा कोणी बीपीची गोळी चारपाच दिवस नाही घेतली, तर काय होते?"

ती चादरीची घडी घालत होती. "काही होत नाही कधी कधी. आन कधी कधी एकदम होते. बीपी सांगून नाही येत. नस फुटली डोक्यातली, तर माणूस बसल्या जागी आडवा. काऊन?"

"असंच. सामान्य ज्ञान."

"तुले कवापासून पाहिजे झालं सामान्य ज्ञान?"

खरं सांगितलं असतं तर दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं असतं, रविवारी सगळ्या मंडळीला कळलं असतं आणि सोमवारी माझ्या वडिलांच्या हाताला. म्हणून मी एक अत्यंत भ्याड योजना आखली. मावशींचं एक मोठं पातेलं देवळात राहिलं होतं. ते परत द्यायचं निमित्त करून जायचं, खिडकीतून पुडी आत टाकायची आणि पळून यायचं. गोळ्या दिसल्या की त्या आपोआप घेतील, असं मला वाटलं. अविश्वासाची भीती मीच त्यांना घालून आलो होतो, हे मी सोयीस्करपणे विसरलो.

दीड वाजला होता. मे महिन्यातल्या उन्हात गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. ऊन लागू नये म्हणून मी पातेलं डोक्यावर उपडं घातलं. अशा रूपात मी मावशींच्या दारात पोचलो. दार आतून लोटलेलं होतं. हळूच हाक मारली. उत्तर नाही. थोडी मोठ्याने मारली. उत्तर नाही. मग मी खिडकीशी गेलो.

मावशी जमिनीवर पडलेल्या होत्या. गादी नाही, उशी नाही. एक हात डोक्याच्या वर फेकलेला, तोंड उघडं. चेहऱ्यावर माशी बसली होती आणि त्या ती हाकलत नव्हत्या.

मी त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. पदर वर-खाली होतोय की नाही, ते अंधारात कळेना. माझ्या कानात माझंच वाक्य माझ्याच त्या उसन्या आवाजात वाजत होतं. पोलीस येतील असं वाटलं. त्यांच्या मुलाला फोन कोण करणार असं वाटलं. मग अगदी आतून एक गोष्ट वाटली, आणि तिची मला आजही लाज वाटते. मावशींनी गोळ्या माझ्या सांगण्यावरून सोडल्या, हे सोमवारी दारात उभ्या असलेल्या त्या दोन माणसांना आठवत असेल का, असा मी विचार केला. एक बाई समोर पडलेली आणि मी साक्षीदार मोजत होतो.

तेवढ्यात वाकून बघताना माझ्या डोक्यावरून पातेलं निसटलं आणि फरशीवर असं वाजलं, की शेजारची शेळी दावं ओढून ओरडली.

"कोन मेलं बे?" आतून आवाज आला.

मी खिडकीचा गज धरून रडायला लागलो. तो आवाज मला तोपर्यंतच्या आयुष्यात ऐकलेला सगळ्यात सुंदर आवाज वाटला.

मावशी उठून बसल्या, पण डोकं दोन्ही हातांनी धरून. "ये ना आत. मानंपासून ठणकून राह्यलं. डोयासमोर काजवे दिसते. फरशी गार लागते म्हनून पडली व्हती. तू कायले रडतं?"

मी खिशातली पुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली. खिडकीतून फेकायची योजना होती, पण मी आता घरात होतो.

त्यांचा चेहरा उतरला. "हे तं मी देवाले देल्लं. तू परत काऊन आनलं?"

"मावशी, गोळी घ्यायची. मी सांगितलं ते खोटं होतं."

"म्हंजे मी बरी नाई झाली?"

"मला माहीत नाही."

"मंग त्या दिवशी कसं माहीत व्हतं?"

मी म्हणालो, "दारात लोक होते, मावशी. मी त्यांच्यासाठी बोललो."

मावशी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुडीकडे बघून हळू म्हणाल्या, "मले वाटे, डोकं दुखते म्हंजे माह्याच विश्वासात खोट आहे. कोनाले सांगतलं नाई म्हनून."

पाच दिवस त्या डोकं धरून आमच्या भाकऱ्या थापत होत्या आणि दोष स्वतःला देत होत्या. मला तिथून पळावंसं वाटलं, आणि मी पळालोही, पण ताईला बोलवायला. देवळात शिरून मी सगळ्यांसमोर एका दमात सगळं सांगितलं. या वेळी आवाज माझाच होता, चिरका. ढोलकीवाला खाली बघायला लागला. ताई चप्पलसुद्धा न घालता धावत निघाली.

गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर जेवत होत्या. हात धुऊन आल्या, मावशींच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, हवा सोडली. पुन्हा फुगवला. दुसऱ्यांदा फुगवतात तेव्हा काय समजायचं, ते ताईच्या चेहऱ्यावर मला दिसलं. सिस्टर म्हणाल्या, "कधीपासून बंद आहे?" ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सोमवारपासून." सिस्टरनी गोळी बंद कोणी केली ते विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "इथं नका थांबू. डोणगावच्या दवाखान्यात न्या, लगेच."

जीप नुकतीच आली होती. टपावर आमच्या पिशव्या चढत होत्या. पुढच्या सीटवर मावशी, शेजारी ताई, मागे आम्ही आठ. दहा दिवसांपूर्वी याच रस्त्याने गाणी म्हणत आलो होतो. आता कोणी बोलत नव्हतं. खड्डा आला की मावशींची मान हलायची आणि मी दात आवळायचो. प्रत्येक खड्ड्यात ती नस फुटेल असं वाटायचं. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्दच सुचेनात, 'नको, नको' एवढंच येत राहिलं. इतकी छोटी आणि इतकी खरी प्रार्थना मी त्या दहा दिवसांत केली नव्हती.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं. आम्ही बाहेरच्या बाकांवर बसलो. आमची बुलढाण्याची एसटी निघून गेली, तरी कोणी कुरकुर केली नाही. त्यांचा मुलगा मेहकरहून मोटरसायकलवर आला. हाताला अजून काळं ऑईल होतं. मी उठून उभा राहिलो, मार खायच्या तयारीने. ताईने त्याला बाजूला नेऊन सांगितलं. तो माझ्याजवळ आला, मला खालून वर बघितलं आणि म्हणाला, "हा?" मग आत निघून गेला. तो 'हा' मला दोन थपडांपेक्षा जास्त लागला.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. आकडा खाली येतोय, रात्रभर ठेवतो, धोका टळलाय असं वाटतं, म्हणाले. मी बाकावर बसलो तो बसलोच. ताई जवळ येऊन म्हणाली, "वहीत साक्ष लिहिली आहे ना तू? फाड ती. उद्या ही दे. सगळी."

शेवटच्या गाडीची वेळ झाली, तसे आम्ही निरोप घ्यायला आत गेलो. मावशी कॉटवर उठून बसल्या होत्या. घरी निघताना वडीलधाऱ्याने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आमच्यात रीत आहे. ताईने डोळे मिटले, तशा मावशी म्हणाल्या, "थांब वो बाई. आज मी करते." आणि मला बोट दाखवून म्हणाल्या, "तू. इकडं ये."

मी कॉटजवळ गुडघे टेकले. त्यांचा जड, कांद्याचा वास येणारा हात माझ्या डोक्यावर आला. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला भीती वाटत होती.

मावशी आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, "प्रभू बापा, या पोराले अक्कल दे. माह्या बीपीची गोळी तं सरकारी दवाखान्यात भेटते, याच्या अकलेची कुठंच भेटत नाई."