चालेल आणि चालशे

टीव्हीची दुरुस्ती सोडून कॉम्प्युटर जोडायला लागलेले एक काका बडोद्यात गोत्रीच्या आमच्या सोसायटीत राहायचे. घरात मराठी, बाहेर गुजराती. त्यांची एक खोड मला उशिरा कळली. खात्री असली की ते ‘चालेल’ म्हणत. नसली की जीभ आपोआप गुजरातीत शिरे. आमच्या मिक्सरला ते ‘चालशे’ म्हणाले होते. आठवड्यात जळाला.

नंदेसरीच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी घरीच यंत्रांची ड्रॉइंग काढणार होतो. ४८६ कॉम्प्युटर घ्यायचा तो डीएक्स की स्वस्तातला एसएक्स, या घोळात माझी झोप उडाली होती.

“वेग दोघांचा सारखाच,” काका म्हणाले. “पण डीएक्सच्या पोटातच आकडेमोडीचा वेगळा भाग असतो. ड्रॉइंगला तोच लागतो. डीएक्स घे. चालेल.”

मला हायसं वाटलं. जोडणी त्यांनीच केली, चिपला बोट लावून ऊब पाहिली. पडद्यावर पहिली रेघ झटकन उमटली.

“आणि काका, नोकरी सोडली ते?”

त्यांनी चष्मा कपाळावर सारला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, “चालशे.”