आमच्या तीन हेवीवेटमध्ये पहिला कोण

हलक्या माणसांचे किस्से होत नाहीत. मी स्वतः सगळ्यात खालच्या वजनगटात खेळायचे आणि माझ्यावर सांगण्यासारखा एकही किस्सा नाही. मी रिंगमध्ये पडले तरी आवाज यायचा नाही. पण सुपर हेवीवेटवाला माणूस नुसता दारातून आत आला, तरी घरी जाऊन सांगायला काहीतरी मिळतं. माणिकपूरच्या आमच्या बॉक्सिंग क्लबमध्ये असे तिघे आहेत. म्हणजे बघा, किती साठलं असेल.

पास्कल पाचूबंदरचा, बोटीवर मासेमारीला जातो. मोहन कामणला एका गोडाऊनमध्ये माल चढवायचं-उतरवायचं काम बघतो. संदेश तुळिंजला राहतो आणि बँकेत आहे. तिघांना शिकवणारे आमचे डॉमनिक सर. मी आता खेळत नाही, सामन्यांना घड्याळ लावते आणि बेल वाजवते.

शनिवारी प्रॅक्टिस झाली की आम्ही हॉलच्या पायऱ्यांवर चहा घेतो, आणि विषय ठरलेला. जगातला सगळ्यात भारी धिप्पाड बॉक्सर कोण? जगातले सगळे त्यांनी कधीच ओळीने लावून टाकलेत. ते सोपं होतं. त्यातला कुणी माणिकपूरला येऊन भांडणार नव्हता. गाडी अडायची ती घरच्या तिघांवर.

*

एकदा सामन्याला जायचं होतं आणि आम्ही स्टँडवर रिक्षा केली. तिघं मागे बसले, म्हणजे त्यांनी एकमेकांना आत कोंबलं. रिक्षावाल्याने किक मारली, गिअर टाकला आणि पुढचं चाक जमिनीवरून अलगद वर आलं. तो शांतपणे खाली उतरला.

"साहेब, चाक हवेत असेल तर मी हँडल फिरवून काय करू?"

मोहन म्हणाला, "आमच्या ताईला पुढे बसवा. बॅलन्स होईल."

रिक्षावाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिला बसवून काय होणार? दगड ठेवा."

शेवटी रिक्षात मी आणि सगळ्यांच्या बॅगा. ते तिघं चालत आले.

*

पास्कलकडे गोल्ड मेडल आहे. मोठ्या स्पर्धेतलं, खरंखुरं. आता त्या गटात मुळात एंट्र्याच कमी येतात. एवढी मोठी माणसं आणायची कुठून? पहिल्या दिवशी पास्कलसमोरचा माणूस वजनालाच आला नाही. दुसऱ्या दिवशीच्याला ताप भरला. फायनलवाल्याने वॉर्म-अप करणाऱ्या पास्कलला लांबून पाहिलं, आणि मग त्याचा खांदा दुखायला लागला. पास्कल तीनही दिवस ग्लोव्ह्ज घालून खुर्चीवर बसून होता.

गावात बँड लावून सत्कार झाला. फादरनी भाषणात सांगितलं, "आपल्या पास्कलने संपूर्ण स्पर्धेत एकही ठोसा खाल्ला नाही." टाळ्या पडल्या. मग कुणीतरी माईक पास्कलच्या हातात दिला आणि विचारलं, फायनल किती कठीण गेली?

पास्कल खोटं बोलत नाही.

"कंबर दुखली. खुर्ची लहान होती."

त्या दिवसापासून बंदरावर त्याला सगळे 'खुर्चीवाला' म्हणतात. तो हसतो. पण मला माहीत आहे, त्याला ते लागतं.

*

संदेशची अडचण वेगळी. तो फार सुसंस्कृत आहे. दिवसभर काउंटरवर बसून गोड बोलायची सवय. त्याच्या पहिल्याच मॅचला मी बेल दिली, आणि त्याने समोरच्या पोराला असा काही जॅब मारला की त्याचं डोकं मागे गेलं. लगेच संदेश म्हणाला, "सॉरी."

सगळ्यांना वाटलं भास झाला. पण पुढच्या ठोशानंतर पुन्हा, "सॉरी हां." आणि समोरचाही भला माणूस. तोंडात माउथगार्ड ठेवून तो म्हणाला, "काही नाही, काही नाही."

रिंगमध्ये बोलायला परवानगी नसते. रेफरीने मॅच थांबवून संदेशला ताकीद दिली. संदेशने मान खाली घातली आणि रेफरीला म्हणाला, "सॉरी."

एक पॉइंट कापला गेला. तेवढ्याच फरकाने तो हरला. हॉलच्या बाहेर आल्यावर डॉमनिक सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर तो काय म्हणाला असता हे त्यांना माहीत होतं.

*

मोहनचा किस्सा वजनाचा. बाकीचे बॉक्सर स्पर्धेआधी उपाशी राहतात, घाम गाळतात, कारण त्यांचं वजन वर जाता कामा नये. सुपर हेवीवेटला उलटं असतं. खालची मर्यादा असते, वर आकाश मोकळं. आणि मोहनला नेमका त्या वर्षी टायफॉइड झाला. स्पर्धेच्या सकाळी पाहिलं तर वजन जरासं कमी. पास्कल त्या वर्षी बोटीवर होता, संदेशचं ते 'सॉरी', म्हणजे क्लबची सगळी भिस्त मोहनवर.

सरांनी त्याला जवळच्या हॉटेलात नेलं. मिसळ, पाव, पुन्हा पाव, मग केळी, वर ताक. मोहन म्हणाला, "सर, आता श्वास घ्यायला जागा नाही." सर म्हणाले, "श्वासाचं वजन नसतं. केळं खा."

काट्यावर मोहन जेमतेम पास झाला. पण मॅच त्याच दुपारी होती. बेल वाजली आणि मोहन जागचा हलेना. गंमत म्हणजे समोरचाही हलेना. दोघं एकमेकांकडे बघत उभे. रेफरी ओरडला, "खेळा." दोघं हळूहळू जवळ आले आणि त्यांनी एकमेकांना मिठी मारली. मी रिंगच्या अगदी कडेला होते, म्हणून मला ऐकू आलं.

समोरचा कुजबुजला, "भावा, पोटावर नको. मलाही सकाळी खायला घातलंय."

"मिसळ?" मोहनने विचारलं.

"नाही. साबुदाणा."

अख्खा राउंड तसाच गेला. शेवटी साबुदाणा जिंकला, कसा ते पंचांनाच ठाऊक.

*

तर अशा माणसांत पहिला कोण, हे ठरवायचं कसं? संदेशचं म्हणणं होतं, मेडल, मॅच, शिस्त, सगळ्याला मार्क द्यावेत. मोहन म्हणाला, "साधा हिशोब आहे. पडल्यावर ज्याला उचलायला जास्त माणसं लागतील, तो मोठा."

पास्कल म्हणाला, "मला एकदा कोनीतरी मारा रे."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"माझ्या गोल्डला गावात लोक हसतात. मला कोनी मारलाच नाय तर मी बॉक्सर कसा? मोहन, तू खेल माझ्याशी. गावासमोर. खराखुरा."

मोहनने चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "खेळतो." त्यालाही साबुदाण्याकडून हरल्याचं विसरता आलं नव्हतं. संदेशने माघार घेतली. ओळखीच्या माणसाला मारणं त्याला जमणार नव्हतं.

*

ही मॅच पाचूबंदरच्या मैदानात झाली. मांडववाल्याने कमरेइतकं उंच स्टेज बांधलं, वर फळ्या, चार कोपऱ्यांना बांबू आणि दोऱ्या. सगळं बंदर आलं होतं. पास्कलची आई पहिल्या रांगेत, हातात रोझरीची माळ. रेफरी डॉमनिक सर.

पहिल्या राउंडमध्ये दोघं जपून खेळले. दुसऱ्याच्या सुरुवातीला पास्कलने मोहनला छातीवर एक ठेवून दिला आणि मोहनने त्याच्या पोटात. दोघं पाय रोवून उभे राहिले, आणि फळ्या कडकन मोडल्या. दोघंही सरळ खाली गेले.

धूळ बसली तेव्हा दिसलं, की दोघं आपापल्या भोकात, खाली मैदानावर पाय टेकून, कमरेपर्यंत स्टेजच्या वर उभे आहेत. समोरासमोर, हाताच्या अंतरावर. सर वाकले. "लागलं का?"

"नाय," पास्कल म्हणाला. मोहननेही नकारार्थी मान हलवली.

सरांनी काउंट करायला बोट वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. पडलेल्याचा काउंट करतात. हे दोघं तर उभे होते.

तेवढ्यात मोहनचा उजवा ठोसा आला आणि पास्कलच्या नाकावर बसला. पास्कलने ग्लोव्ह नाकाला लावला, त्यावरचं रक्त पाहिलं आणि तो ग्लोव्ह उंच धरून गावाकडे वळला. त्याला इतकं खूश मी मेडल घेतानाही पाहिलं नव्हतं. आई रडायला लागली. बंदरावरची माणसं उभी राहून ओरडायला लागली, "पास्कल, पास्कल."

"सर, थांबवू नका," पास्कल म्हणाला, आणि त्याने मोहनलाही एक ठेवून दिला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ चालू ठेवलं.

मागून मांडववाला करवत घेऊन धावत स्टेजवर चढला. दोघांच्या मधे जायची काही त्याची हिंमत होईना. त्याने सरांच्या कानाशी तोंड नेलं.

"सर, आधी कोनाला काढू?"

सरांनी मॅचवरची नजर हलवली नाही.

"हरेल त्याला."