टायमरवर लावलेल्या बट्ट्या

कणीक भाजल्याचा खरपूस वास आला की ती दुपार आठवते. त्या दिवशी सकाळी भिंतीत बसवलेल्या ओव्हनमध्ये बायकोने बट्ट्या ठेवून जेवणाच्या वेळेचा टायमर लावला आणि आंघोळीला जाताना ती कोसळली, ती कायमचीच. दुपारी तिला बैठकीत निजवलेलं असताना ओव्हन आपोआप सुरू झाला. पुसेगावची आत्या म्हणाली, "मढं घरात हाय, काही शिजू नये बाबा. बंद कर ते." "मला येत न्हाई," मी म्हणालो. "काहून? शिकवलं न्हाई तिनं?" शिकवलं होतं. मी काचेसमोर बसून राहिलो. आतल्या पिवळ्या उजेडात तिने वळलेल्या बट्ट्या फुगत होत्या. घंटी वाजली तेव्हा बाहेर तिरडी बांधून झाली होती. आता त्याच ओव्हनमध्ये मी एकट्यापुरत्या बट्ट्या भाजतो. टायमर लावत नाही. होईपर्यंत समोर बसतो.